शेवंतीच्या चार बेडच्या प्रकल्प नोंदी

२८ सप्टेंबर २०२४

मॅडमनी विषय पास केला. "दिवसाच्या लांबीचा शेवंतीच्या वाढीवर व फुलोऱ्यावर परिणाम", शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. जागा मामाची, मावळात, दहा गुंठ्याचं पॉलीहाऊस. पुढे सगळा जरबेरा आहे, त्याला हात लावायचा नाही अशी अट आहे, मागचे चार बेड माझे. मामाला विषय सांगितला तर म्हणाला, जरबेराला कुठं घड्याळ लागतं, खतपाणी दे की वर्षभर फूल देतोय. बरोबरच आहे त्याचं, जरबेराला दिवस लहान काय मोठा काय फार फरक पडत नाही, गुलाबालाही नाही. शेवंतीचं तसं नाही, तिचं सगळं गणितच वेगळं.

१ ऑक्टोबर

लागवड झाली एकदाची. पांढरी स्प्रे शेवंती (एका देठाला फुलांचा झुबका येतो ती), मुळं फुटलेल्या काड्या आणल्या ट्रेमधून. बेड एक मीटर रुंद दहा मीटर लांब, लाल माती शेणखत आणि भाताचं तूस, वर साडेबारा सेंटिमीटर चौकोनाची जाळी, एका चौकोनात एक रोप. म्हणजे बेडला ६४० आणि चार बेडला अडीच हजारांच्या वर, पाठीचा कणा कुठे असतो ते आज नीट कळलं. तोडणीला येणाऱ्या मावशींनी एकट्यांनी दीड बेड लावला, तेवढ्यात माझा अर्धा झाला होता.

बेडची नावं अ ब क ड. अ ला रोज रात्री १० ते २ सलग दिवे. ब ला काहीच नाही, आकाश देईल तेवढाच दिवस. क ला १० ते २ च, पण ६ मिनिटं चालू २४ मिनिटं बंद असं आलटून पालटून. ड ला क सारखेच दिवे, पुढे त्याच्यावर फवारण्या करायच्यात. प्रत्येक बेडवर पाच बल्ब, ९ वॅटचे साधे वॉर्म एलईडी, दर दोन मीटरला एक. अ ला मामाच्या मोटारीचा जुना गोल डायलवाला टायमर लावलाय, पंधरा पंधरा मिनिटांच्या खुंट्या दाबायच्या तसला. क आणि ड ला नवीन डिजिटल घ्यावा लागला कारण सहा मिनिटांची खुंटी जुन्यात नाहीच.

बेडच्या मध्ये मल्चिंग पेपर उभा टांगला, काळी बाजू अ कडे. रात्री अ पेटवून ब मध्ये उजेड मोजायचा लक्समीटर धरला, शून्य. मग झोपायला गेले.

४ ऑक्टोबर

मामीने विचारलं रात्रीचे दिवे कशाला, झाडाला थंडी वाजते का. तिला सांगितलं ते इथे लिहून ठेवते, रिपोर्टच्या प्रस्तावनेत साफ करून टाकता येईल.

शेवंती लहान दिवसाचं झाड आहे. म्हणजे दिवस साधारण साडेतेरा तासांच्या खाली आला की ती वाढ सोडून कळीच्या मागे लागते (जातीप्रमाणे हा आकडा थोडा मागेपुढे होतो). आता आपल्याकडे वर्षातला सगळ्यात मोठा दिवसच जूनमध्ये सव्वातेरा तासांचा. आणि डिसेंबरमध्ये अकरा. म्हणजे पुण्याच्या आसपास शेवंतीच्या दृष्टीने बाराही महिने फुलायचे दिवस, रोप वीतभर झालं नाही तोच कळी. बागेतल्या शेवंतीला चालतं ते. पण गुलटेकडीच्या फुलबाजारात बंच न्यायचा तर देठ किमान सत्तर सेंटिमीटर पाहिजे, बुटक्या देठाला कोण विचारतं. म्हणून आधी चार-पाच आठवडे तिला फसवून ठेवायचं की अजून उन्हाळाच चाललाय, उंच हो, आणि मग दिवे बंद. हॉलंडमध्ये बरोबर उलटं, तिथे जूनचा दिवस साडेसोळा तासांच्या वर जातो म्हणून ते लोक संध्याकाळी काळे पडदे ओढून शेवंतीला लवकर झोपवतात.

मामी म्हणाली मग संध्याकाळीच लावा की दिवे, दिवस लांबव. तोच तर मुद्दा आहे. झाड दिवस मोजतच नाही, रात्र मोजतं. म्हणजे सलग अंधार. १९२० साली अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोघांनी तंबाखूची एक जात घेऊन दिवसाच्या लांबीचं प्रकरण मांडलं, ती जात उन्हाळ्यात नुसती वाढायची, फुलायचंच नाव नाही, आणि हिवाळ्यात ग्रीनहाऊसमध्ये नेली की फुलायची. नाव त्यांनी दिवसाचं दिलं. मग १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी कपड्यांना चिकटणाऱ्या काटेरी फळाच्या एका तणावर प्रयोग केले आणि दिसलं की दिवसाच्या मध्ये अंधार केला तर झाडाला काही नाही, पण रात्रीच्या मध्ये थोडा वेळ दिवा लावला तर सगळा हिशेब मोडतो. म्हणून मध्यरात्री चार तास. बारा तासांची रात्र असेल तर तिचे दोन तुकडे होतात, आणि कुठलाच तुकडा झाडाला "रात्र" वाटण्याइतका लांब राहत नाही.

मामीचं मत: माणसालाही मध्यरात्री उठवलं तर असंच होतं.

९ ऑक्टोबर

सगळी रोपं लागली, मर फार नाही, अ मध्ये ११ ब मध्ये ७. मावा दिसला दोन ठिकाणी, निंबोळी अर्क मारला. उंची सगळीकडे सारखीच, अजून काही सांगण्यासारखं नाही. उद्या घरी जातेय दसऱ्याला.

१४ ऑक्टोबर

आले परत. परतीच्या पावसाने इथे दसऱ्यात चांगलाच हात दाखवलाय, तीनदा लाइट गेली म्हणे, मामाने वेळा वहीत लिहून ठेवल्यात, गुणी माणूस. ११ ला संध्याकाळी ६ ते ११, १२ ला दुपारी २ ते ७, १३ ला पहाटे ४ ते ८. दिवे लागायच्या वेळेत फक्त ११ तारखेचा एक तास गेला म्हणजे, १० ते ११. एका तासाने काही होत नाही. नोंद केली, विषय संपला.

१६ ऑक्टोबर

कोजागरी. मामाने सकाळीच चिमटा काढला, आज चंद्र डोक्यावर आहे, तुझ्या शेवंतीची झोपमोड होणार. प्रश्न चांगला आहे खरं तर. रात्री साडेनऊला लक्समीटर घेऊन गेले, पॉलीहाऊसच्या बाहेर उघड्यावर धरला, मीटर शून्याच्या पुढे गेलंच नाही. पुस्तकात पौर्णिमेचा उजेड पाव लक्सच्या आसपास देतात, आणि आपण रोपाच्या शेंड्यावर ६० ते ९० लक्स देतोय, चंद्राची आणि नऊ वॅटच्या बल्बची तुलनाच नाही, कवी लोकांनी माफ करावं. मामाला मीटर दाखवला. दुधात केशर घालायचं होतं म्हणून मामी हाका मारत होती, पावणेदहाला घरी.

२१ ऑक्टोबर

आज जे झालं ते नीट लिहिते कारण रिपोर्टमध्ये हेच सगळ्यात महत्त्वाचं होणार आहे असं दिसतंय.

दुपारी एकच्या सुमारास मावशी जेवायला त्या मागच्या कोपऱ्यात बसल्या होत्या, मी ब ची उंची मोजत होते. म्हणाल्या, "ताई, दिवसा पण लावायचे असत्यात का ह्ये?" मी म्हटलं काय. "दिवे वो. काल बी पेटले व्हते याच वेळेला." वर बघितलं तर अ चे पाचही बल्ब चालू. भर दुपारी, पॉलीहाऊसच्या त्या पांढऱ्या उजेडात कळतसुद्धा नव्हते, बल्बच्या बरोबर खाली बसल्याशिवाय दिसले नसते.

डायल बघितली. टायमरच्या मते रात्रीचे अकरा वाजले होते.

पाच मिनिटं नुसती बघत बसले त्याच्याकडे. मग पेटली ट्यूब. हा टायमर लाइटवरच फिरतो, आत सेल बिल काही नाही. लाइट गेली की घड्याळ थांबतं आणि आली की जिथे थांबलं तिथूनच पुढे. मामाची वही काढली: ५ तास अधिक ५ तास अधिक ४ तास, चौदा. घड्याळ चौदा तास मागे. त्याचे रात्रीचे दहा म्हणजे आपले दुपारचे बारा. मोटारीला हे कधी कळलं नाही कारण मोटार मामा हातानेच चालू करतो, टायमर नुसता शोभेला होता.

आणि क-ड चा डिजिटल मात्र बरोबर, त्यात बारीक बॅटरी आहे.

म्हणजे ११ च्या रात्री अ चे दिवे पहाटे ३ ते ७ लागले असणार, ती रात्र कशीबशी तुटली. पण १२ पासून २० पर्यंत नऊ रात्री अ बेड सलग बारा तास अंधारात. आणि मी १६ ला तिथे होते! पावणेदहाला निघाले. पंधरा मिनिटं थांबले असते तर दिवे लागत नाहीत हे समोर दिसलं असतं. चंद्र मोजत बसले आणि बल्ब बघितला नाही.

संध्याकाळी टायमर बरोबर वेळेवर आणला. मावशींचा मुलगा एमआयडीसीतून सेकंड शिफ्ट करून रोज साडेअकराच्या पुढे याच रस्त्याने घरी जातो. त्याला विचारलं, तुला अंधार दिसला नाही का. तो म्हणे, "दिसला की. मला वाटलं तुम्ही लाइट वाचवताय. दोनच माळा पेटत-विझत होत्या, मला वाटलं होल्डर लूज असंल."

होल्डर लूज. सहा मिनिटं चालू चोवीस बंद.

२२ ऑक्टोबर

मॅडमना फोन केला, रडकुंडीला आले होते. त्या म्हणाल्या फेकू नकोस, अ आता सगळ्यात इंटरेस्टिंग बेड आहे, नऊ लहान दिवस आणि मग परत मोठे दिवस, असा बेड मुद्दाम कोणी करत नाही. फक्त वहीत खरं लिही. बरं.

ब मध्ये शेंड्याला कळ्या दिसायला लागल्या, मोहरीएवढ्या. लावून तीनच आठवडे झालेत आणि उंची १८ सेंटिमीटर. हे अपेक्षितच होतं. अ मध्ये वरून काही दिसत नाही, शेंडा हिरवागार. पण आत काय ठरलंय देव जाणे.

२७ ऑक्टोबर

दिवाळीच्या आधी एक दिवस निवांत मिळाला म्हणून वाचलं. पानात फायटोक्रोम नावाचं एक रंगद्रव्य असतं, त्याची दोन रूपं. लाल उजेड पडला की ते एका रूपात जातं आणि गडद लाल, म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसणारा त्याच्या पलीकडचा, पडला की परत मागे. अमेरिकेत बेल्ट्सव्हिलला बोर्थविक आणि हेंड्रिक्स यांच्या टीमने १९५२ मध्ये हे लेट्यूसच्या बियांवर दाखवलं, लाल दिला की बी रुजतं, लगेच गडद लाल दिला की नाही रुजत, परत लाल की रुजतं, शेवटी जो दिला तो खरा. दिव्याच्या बटणासारखं. अंधारात हे जागं रूप हळूहळू उतरत जातं, आणि झाडाचं आतलं घड्याळ बघत असतं की किती वेळ झाला. मध्यरात्री बल्ब लावला की परत वर.

याच्यावरून सहा मिनिटांची भानगडही कळते. एकदा रूप बदललं की ते लगेच उतरत नाही, म्हणून सतत जाळायची गरजच नाही, अधूनमधून आठवण करून दिली की पुरतं. क बेडला चार तासांत फक्त ४८ मिनिटं दिवे. अख्ख्या दहा गुंठ्याला दोनेकशे बल्ब धरले तर सलग लावून रात्रीचे सात युनिट होतात आणि असे लावून दीड सुद्धा नाही. हे मात्र मामाने लगेच लिहून घेतलं. फायटोक्रोमच्या वेळी तो जरबेराला पाणी सोडायला गेला होता.

२ नोव्हेंबर

पाडवा. आजपासून अ क ड तिन्हींचे दिवे बंद. क ची उंची सरासरी ३६, ड ३५, अ ३१. पाच सेंटिमीटरचा फरक नऊ रात्रींचा. ब मध्ये कळी वाटाण्याएवढी आणि उंची थांबल्यासारखीच.

९ नोव्हेंबर

अ मध्ये जे भ्यायचे ते दिसलं. शेंड्यावर मधोमध एक एक कळी, पण बिचारी अडकलेली, मोठी होत नाही. आणि तिच्या खाली मानेला ही पानं, नेहमीची कातरलेली शेवंतीची पानं नाहीत, अरुंद, पट्टीसारखी, कडा सरळ. एक तोडून वहीत चिकटवलंय. शेजारी क चं पान चिकटवलं, दोन वेगळ्या झाडांची वाटतात. कळीच्या खालून तीन-चार फुटवे निघालेत आणि ते कळीला मागे टाकून वर चाललेत.

याला क्राउन बड म्हणतात. शेवंतीला नुसती कळी धरायला थोड्या लांब रात्री पुरतात, पण ती कळी फूल होईपर्यंत लांब रात्री चालूच राहायला लागतात. नऊ रात्रींत अ ने फुलायचा निर्णय घेतला, शेंड्याने पानं काढायचं सोडून दिलं, आणि मग मी २१ ला जाऊन "अरे थांब, उन्हाळाच आहे" असं सांगितलं. मधल्यामधे लटकली. शेंडा कळीत गुंतला की वरून खाली जाणारा ऑक्सिनचा (शेंड्यात बनणाऱ्या वाढीच्या संप्रेरकाचा) धाकही कमी होतो म्हणून खालचे डोळे फुटले, शेंडा खुडल्यावर होतं तेच.

अर्ध्या बेडवरच्या या कळ्या आज खुडून टाकल्या, अर्ध्या ठेवल्या. ३१४ कळ्या. बोटं हिरवी आणि कडू.

१० नोव्हेंबर

ड च्या फवारण्या. पहिल्या पाच मीटरला बी-नाइन, म्हणजे झाड बुटकं ठेवणारं औषध, २५०० पीपीएम. दुसऱ्या पाच मीटरला जीए, म्हणजे जिबरेलिक अ‍ॅसिड, ५० पीपीएम. जीए नारायणगावहून आणलं, मामीच्या भावाची द्राक्षं आहेत, तिथे जीए म्हणजे घरातला चहा साखर असल्यासारखं. एक ग्रॅम वीस लिटरला, आधी स्पिरिटमध्ये विरघळवायचं नाहीतर पाण्यात तरंगत बसतं, हे त्यांनी फोनवर तीनदा सांगितलं. मण्याची लांबी वाढवायला ते जे वापरतात तेच जिबरेलिन झाडात आपोआप तयार होत असतं आणि देठाची पेरं लांबवतं. बी-नाइन बरोबर उलटं, झाडाला जिबरेलिनची शेवटची पायरी करूच देत नाही. कोकणात हापूसला कल्टार घालतात तेही याच खानदानातलं, ते साखळी वरच्या टोकाला अडवतं एवढाच फरक.

दिवसाच्या लांबीशी याचा संबंध मामीच्या पालकात बघायला मिळतो. पालक मोठ्या दिवसाचं झाड, दिवस मोठा झाला की पानात जिबरेलिन वाढतं आणि जमिनीला चिकटून बसलेला पालक एकदम दांडा काढतो, मग भाजीला उपयोग नाही.

आणखी एक उपद्व्याप. चार कुंड्या घरी आणल्या, गोठ्याच्या भिंतीवरच्या बल्बखाली ठेवल्या, हा बल्ब रात्रभर चालू असतो. सगळ्यांच्या शेंड्याजवळची कोवळी पानं काढली. दोन कुंड्यांत खालच्या पानांना संध्याकाळी ५ ते सकाळी ८ काळी पिशवी, शेंडा बाहेर उजेडात. दोन कुंड्यांत शेंड्याला पिशवी, पानं उजेडात. हा प्रयोग माझा नाही, १९३० च्या दशकात रशियात चैलाख्यान यांनी शेवंतीवरच असलं काही केलं होतं. मला फक्त डोळ्यांनी बघायचंय.

१६ नोव्हेंबर

परीक्षा आहे. पिशव्या चढवणं उतरवणं मामीकडे. मामी म्हणते हे शेळीला झूल घालण्यासारखं आहे.

२४ नोव्हेंबर

क आणि ड मध्ये कळ्या दिसल्या, दिवे बंद करून बावीस दिवस. सगळ्या एकदम, एकसारख्या, बेडकडे बाजूने बघितलं तर पट्टी लावल्यासारखी रेघ. क च्या रोपांची मधोमधची कळी काढायला सुरुवात, म्हणजे बाजूच्या सारख्या फुलतात. ब मध्ये फुलं उमलायला लागली. उंची ३७ वर संपली.

५ डिसेंबर

ब ची तोडणी मागच्या आठवड्यातच आटोपली. फूल देखणं आहे, त्यात खोट नाही, पण देठ एवढासा. बाजारात न्यायचा प्रश्नच नव्हता. आज मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, मामीने घटापुढे सगळी मांडली आणि उरलेली आळीत वाटली. म्हणजे आळीतल्या बारा घरांत माझा कंट्रोल प्लॉट पुजला गेला.

कुंड्या: पानं झाकलेल्या दोन्हींना कळ्या. शेंडा झाकलेल्या दोन्हींना काही नाही, नुसता वाढलाय. (एका पिशवीला मधेच भोक पडलं होतं, शेंड्याच्या, म्हणून ती कुंडी रिपोर्टमध्ये घेणार नाही.) म्हणजे रात्र पान मोजतं आणि निरोप शेंड्याला पाठवतं. चैलाख्यान यांनी या निरोपाला फ्लोरिजेन नाव दिलं, आणि मग जवळजवळ सत्तर वर्षं लोक हे फ्लोरिजेन शोधत बसले, सापडेना म्हणून कित्येकांनी सोडून दिलं. २००७ मध्ये कळलं की ते एक छोटं प्रथिन आहे, पानात बनतं आणि देठातल्या नळ्यांतून शेंड्यापर्यंत जातं. शेवंतीतलं त्याचं भावंड जपानी लोकांनी पुढे शोधलं, आणि २०१३ मध्ये त्यांनीच आणखी एक दाखवलं: रात्र तोडली की शेवंतीचं पान उलटा निरोपही बनवतं, फुलू नकोस असा. म्हणजे आपला बल्ब नुसता "फूल" हा निरोप अडवत नाही, "नको फुलू" हा वेगळा निरोप धाडतो.

मला अ आठवला. नऊ रात्री एक निरोप, मग बारा रात्री दुसरा, मग परत पहिला. शेंड्याने करावं तरी काय.

१४ डिसेंबर

पहाटे पॉलीहाऊसमध्ये ११ डिग्री. रात्री पंधराच्या खाली गेल्या की शेवंती रेंगाळते. बाजूचे पडदे संध्याकाळी पाचलाच पाडायला सांगितलंय. थ्रिप्स (फुलकिडे) थोडे. बाकी ठीक.

२२ डिसेंबर

ड मध्ये फरक आता लांबूनही दिसतो. जीएवाल्या रांगा क पेक्षा बोटभर उंच, पण फुलाखालची मान लांब आणि लेचीपेची, स्प्रे विस्कटलेला, उचलून धरला की माना टाकतो. बी-नाइनवाल्या रांगा थोड्या बुटक्या, पान काळसर हिरवं, माना आखूड, फुलं गुच्छासारखी जवळजवळ. मामाने दोन्ही हातात धरले आणि काही न बोलता बी-नाइनवाला ठेवून घेतला. द्राक्षवाल्यांना फोटो पाठवला, त्यांचं उत्तर आलं की डोस कमी पडला. त्यांना लांब म्हणजे चांगलंच वाटतं.

३० डिसेंबर

क ची तोडणी, दिवे बंद करून आठ आठवडे आणि दोन दिवस. देठ ७८ ते ८४. पहाटे मावशी, मामी आणि मी, हाताला दव आणि त्या हिरव्या कडू वासाने डोकं गच्च. पांढऱ्या फुलांवर पाकळीच्या टोकाला हलकी गुलाबी झाक आलीय, थंडीत अँथोसायनिन हे रंगद्रव्य तयार होतं त्याची. मला फार आवडली. व्यापाऱ्याला नाही आवडली, पांढरा म्हणजे पांढराच पाहिजे, लग्नाच्या स्टेजला गुलाबी झाक चालत नाही, त्यावर दर तोडला. ड मधल्या बी-नाइनच्या बंचला मात्र क पेक्षा जरा जास्तच दिला, पेटीत नीट बसतात म्हणून.

६ जानेवारी २०२५

अ. कळी खुडलेला अर्धा भाग: फुटव्यांवर फुलं आली, क च्या पाच-सहा दिवस मागून, प्रत्येक रोपाला तीन-चार बारीक काड्या, एकूण उंची ६० च्या आत. बंच बांधता येतो, दुय्यम म्हणून गेला. न खुडलेला अर्धा: मधलं फूल जाड मानेवर, एका बाजूने चपटं, पाकळ्या कमी, आणि चारी बाजूंनी फुटवे त्याच्या डोक्यावरून वर गेलेले, त्यांच्या कळ्या अजून बंद. घोळक्यात मधेच बसलेल्या लहान पोरासारखं ते फूल दिसतं. विकायला काही उपयोग नाही. प्रत्येक दहा रोपांमागे एकाचा फोटो काढला, ३२ फोटो. बेड उपटायला मावशी सकाळपासून उभ्या होत्या, त्यांना फोटोचं काय कौतुक.

रिपोर्टमध्ये आधी मी अ ला "तांत्रिक बिघाडामुळे वगळले" असं लिहिणार होते. आता अ ला स्वतंत्र प्रकरण आहे, मामाच्या वहीतल्या लाइट गेल्याच्या तीन वेळांचा तक्ता पहिल्याच पानावर, त्याच्या शेजारी डायलची वेळ आणि खरी वेळ. मॅडमनी तक्त्यावर एकच खूण केली: "रात्री दिवे लागले हे स्वतः किती वेळा पाहिले?" मोजलं. १ ऑक्टोबर ते २१ ऑक्टोबर, एकदा. पहिल्या दिवशी.

१९ जानेवारी

मामाने जरबेराचे दोन बेड काढून तिथे शेवंती धरलीय, माझं काही न ऐकता, क सारखे दिवे, एप्रिलच्या लग्नांना येईल असा हिशेब करून. सेलवाला टायमर घेतला. गोल डायलवाला फेकू दिला नाही मामीने, तो आता स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे, काटा अकरावर.

सेल असला तरी माझा विश्वास नाही. मावशींच्या मुलाला सांगून ठेवलंय, शिफ्टवरून जाताना दिवे पेटत-विझत दिसले की एक मिस कॉल द्यायचा, उचलायचा नाही. अंधार दिसला तर दोन. काल रात्री ११:४० ला एक आला.